त्वचेचे सामान्य विकार : त्यांची ओळख व उपचार

त्वचेच्या सामान्य विकारांनी माणूस सहसा मरत नाही, आणि याच कारणाने त्यांची हयगय होते. ताप भरला म्हणजे मनुष्य दवाखाना गाठतो. अंगास खाज सुटली म्हणजे तो दुकानातून मलमाची नळी आणतो. पिंपळनेरच्या आठवडे बाजारास पश्चिमेकडील पाड्यांवरून जे लोक येतात, त्यांच्या पिशवीत मीठ, तेल व चहापत्ती यांबरोबर अशी एखादी नळी असतेच. तीच नळी घरी आईच्या कमरेवरील नायट्यास लागते, तीच लहान मुलाच्या खरजेस लागते, आणि लग्नाला आलेली मुलगी तीच आपल्या तोंडावरील मुरमांस लावते. तीन माणसे, तीन निराळे रोग आणि औषध एकच! चार दिवस बरे वाटते, पुढे रोग दुणावतो, आणि मग दोष नशिबास अथवा कोणाच्या तरी दृष्टीस दिला जातो.

यास्तव आम्ही हा पाठ वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यात औषधांपेक्षा ओळखीवर अधिक भर आहे; कारण रोग ओळखला नाही तर उत्तम औषधही विषासारखे होते. जे शिक्षक व उपदेशक बंधू हा पाठ गावात वाचून दाखवितील, त्यांनी एका बैठकीस एकच भाग घ्यावा आणि शेवटी दिलेले प्रश्न विचारावेत.

१. तारुण्यपीटिका अथवा मुरमे

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडावर, छातीवर व पाठीवर ज्या पुटकुळ्या उठतात त्यांस वैद्यकात तारुण्यपीटिका म्हणतात. त्यांचे कारण असे. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेल स्रवणाऱ्या बारीक ग्रंथी आहेत. तारुण्यात शरीरात जे अंतःस्राव वाढतात त्यांच्या योगे या ग्रंथी अधिक तेल गाळू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी त्वचेच्या मृत पेशी चिकटून बूच बसते. आत तेल तुंबते, त्यावर त्वचेत नेहमी वसणारे जंतू वाढतात, आणि ती जागा सुजून लाल होते. हीच पुटकुळी होय.

यावरून पुष्कळ गैरसमज आपोआप दूर होतात. मुरमे ही अस्वच्छतेची खूण नव्हे. छिद्राच्या तोंडाशी जो काळा ठिपका दिसतो तो मळ नसून त्वचेतील रंगद्रव्याचा व हवेने काळवंडलेल्या तेलाचा रंग आहे. तो घासून निघत नाही. पोटातील उष्णता, रक्तातील बिघाड अथवा खानदेशी मिरची यांवरही हा आरोप टिकत नाही. फार गोड व मैद्याचे पदार्थ खाल्ल्याने काहींची मुरमे वाढतात असे दिसून आले आहे. परंतु केवळ पथ्याने ती जातील अशी आशा धरू नये. मनात वाईट विचार आल्याने मुरमे येतात असे मुलांस सांगणे तर निव्वळ क्रूरपणा आहे.

उपचार पुढीलप्रमाणे करावा. सकाळी व सायंकाळी, दिवसातून दोनदाच, सौम्य साबणाने व साध्या पाण्याने तोंड धुवावे. वैशाखात पाण्याची टंचाई असली तरी एवढ्यास एक तांब्या पुरतो. तोंड खरखरीत फडक्याने घासू नये. घासण्याने सूज वाढते. केसांस तेल चोपडून ते कपाळावर ओघळू देऊ नये, कारण कपाळावरील बारीक पुटकुळ्या पुष्कळदा याच तेलाने येतात. नखांनी पुटकुळी फोडण्याचा मोह टाळावा. फोडलेल्या पुटकुळीतील पू आतल्या बाजूसही फुटतो, आणि मागे जो खड्डा अथवा काळा डाग राहतो तो पुटकुळीपेक्षा किती तरी अधिक काळ टिकतो. भर उन्हात कामास जाताना डोईवरचा पदर अथवा उपरणे चेहऱ्यावर ओढून घ्यावे, म्हणजे डाग गडद होत नाहीत.

औषधांपैकी बेंझॉइल पेरॉक्साइड या नावाचे मलम सौम्य मुरमांवर गुणकारी आहे. अडीच टक्क्यांचे सौम्य मलम घेऊन ते रात्री, तोंड धुऊन कोरडे झाल्यावर, पातळ थराने लावावे. त्याने आरंभी थोडी चुरचुर होते व कातडी सुकते. तेव्हा पहिले काही दिवस एक दिवसाआड लावावे. या मलमाने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीवर जुने पांढरे फडके घालावे. ॲडापलीन नावाचे दुसरे मलम बुजलेली छिद्रे मोकळी करते. तेही रात्रीच लावावयाचे असते, परंतु गर्भवती स्त्रीने ते वापरू नये. कोणतेही औषध आठ ते बारा आठवड्यांखेरीज आपला गुण दाखवीत नाही. आठ दिवसांत औषध बदलणारा मनुष्य म्हणजे पेरलेले बी रोज उकरून पाहणारा शेतकरीच होय.

मोठ्या, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, अथवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर डॉक्टरांस दाखविणे अवश्य आहे. जबर मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात. ती फार परिणामकारक आहे. तथापि गर्भावस्थेत घेतल्यास तिने पोटातील बालकास व्यंग येते, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून ती कोणीही घेऊ नये व दुसऱ्यास देऊ नये.

२. नायटा अथवा गजकर्ण

नायटा हा बुरशीचा रोग आहे. शिळ्या भाकरीवर जशी बुरशी धरते, तशाच जातीची एक सूक्ष्म बुरशी ओलसर व घामेजल्या कातडीवर वाढते. तिची खूण स्पष्ट आहे : गोल चट्टा, त्याची कडा उंच, लालसर व खवले धरलेली, मधला भाग मात्र पुष्कळदा निवळलेला. जांघ, काख, स्तनांखालील जागा आणि परकराची नाडी अथवा पँटचा पट्टा जेथे आवळला जातो ती कंबर, ही त्याची आवडती स्थाने होत. पावसाळ्यात भाताच्या चिखलात दिवसभर ओल्या कपड्यांनी राबणाऱ्यांस आणि जाड, तंग पँटी घालणाऱ्या तरुणांस तो विशेष होतो.

उपचाराचा नियम सोपा आहे, परंतु तो शेवटपर्यंत पाळावा लागतो. क्लोट्रिमाझोल अथवा ल्युलिकोनाझोल यांसारखे केवळ बुरशीनाशक मलम डॉक्टर सांगतील तितके वेळा लावावे. चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटे जागेवरही लावावे, कारण डोळ्यांस न दिसणारी बुरशी तेथे आधीच पोचलेली असते. चट्टा नाहीसा झाल्यावरही निदान दोन आठवडे उपचार चालू ठेवावा. शेतकरी वरचे गवत कापतो तेव्हा मुळे राहतात. तद्वत् खाज थांबताच औषध सोडणाऱ्याच्या अंगात बुरशीची मुळे राहतात. चट्टे अनेक असल्यास पोटात घ्यावयाच्या गोळ्या लागतात, व त्या डॉक्टरांनीच द्यावयाच्या असतात. प्रत्येकाचा टॉवेल निराळा असावा, कपडे उन्हात कडकडीत वाळवावेत, आणि घरात ज्या ज्या माणसास नायटा असेल त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा.

गेल्या काही वर्षांत भारतातील नायटा पूर्वीसारखा सहज बरा होत नाही, असे देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अनुभवास आले आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी या हट्टी बुरशीच्या एका जातीचे वर्णन केले आणि तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन हे एरवीचे भरवशाचे औषध तिच्यापैकी पुष्कळ बुरशीवर चालत नाही. पुढे ही बुरशी युरोप व अमेरिकेतही आढळली. आपल्या देशाचे नाव ज्या रोगजंतूस लागले, त्याची ही स्थिती कशाने झाली असावी? तज्ज्ञ जी कारणे देतात त्यांत आरंभी सांगितलेली मलमाची नळी प्रमुख आहे.

३. नळीत काय असते?

दुकानात "खाज, खरूज, नायटा, सर्वांवर एक" म्हणून जे मलम मिळते त्यात बहुधा तीन द्रव्ये मिसळलेली असतात : एक बुरशीनाशक, एक जंतुनाशक आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइड हे स्वतः वाईट औषध नव्हे. इसब व तत्सम रोगांवर डॉक्टर ते मोजून-मापून देतात आणि त्याने रोग्यास मोठा आराम पडतो. परंतु त्याचा धर्म असा की, ते शरीराची प्रतिकाराची शक्ती त्या जागी दाबून टाकते. नायट्यावर ते लावले की खाज व लाली थांबते, म्हणून रोगी संतुष्ट होतो. इकडे पहारेकरी झोपी गेल्यामुळे बुरशी मोकळेपणी पसरते. चट्ट्याची गोल कडा पुसली जाते, आणि पुढे डॉक्टरांसही रोग ओळखणे कठीण पडते.

चेहऱ्यावर तर हे मलम याहून घातक आहे. गोरेपणाच्या आशेने ज्या मुली ते तोंडास लावतात, त्यांस पहिल्या महिन्यात कांती उजळल्याचा भास होतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, नवी मुरमे उठतात, आणि ऊन लागताच आग होते. मलम सोडावे तर चेहरा अधिकच भडकतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. अशा रीतीने व्यसनासारखे चक्र सुरू होते. जांघेत लावल्यास कातडीवर जे पांढरे ओरखडे उमटतात ते जन्मभर जात नाहीत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविषयी अनेक वर्षे सावध करीत आली आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेस लावावयाच्या चौदा स्टिरॉइडांस "शेड्यूल एच" या यादीत घातले. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकणे कायद्याने मना केले. असे असूनही ती सर्रास विकली जातात. कायदा दुकानापर्यंत पोचतो. घरात शिरणाऱ्या नळीवर नजर आपणच ठेवावयाची आहे.

यास्तव लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकाने एक काम करावे. शेजाऱ्याच्या घरची नळी हाती घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी एकही नाव आढळले तर ते स्टिरॉइड आहे असे समजावे. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा : "झोल" असा शेवट असलेली क्लोट्रिमाझोल, किटोकोनाझोल ही नावे बुरशीनाशकांची आहेत, क्लोबेटासोलमधील "सोल" निराळा. जो मनुष्य पुष्कळ महिने असे मलम लावीत आहे त्याने ते भीतीने एकाएकी फेकून देऊन घरी बसू नये. नळी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे, म्हणजे सोडवणूक नीट होईल.

४. खरूज

खरूज हा किड्याचा रोग आहे. हा किडा इतका लहान की, तिघे-चौघे एका ओळीत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. १६८७ साली बोनोमो नावाच्या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली हा जीव पाहून त्याचा खरजेशी संबंध जोडला. तरी रक्त बिघडल्याने खरूज होते ही समजूत अद्यापि गेलेली नाही.

रात्री अंथरुणात वाढणारी खाज आणि घरातील एकाहून अधिक माणसांस एकदम खाज, ही खरजेची दोन मुख्य लक्षणे होत. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, बेंबीभोवतालचा भाग व गुह्यांग येथे बारीक पुरळ दिसतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी आमच्या तालुक्यातील कुटुंबे कोप्यांत दाटीने राहतात, एका पांघरुणात तिघे निजतात. तेथून ही व्याधी घरी येते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटावयास चार ते सहा आठवडे लागतात. या अवधीत मनुष्य निरोगी दिसतो, परंतु रोग देत असतो. म्हणून ज्यास खाज नाही त्यानेही औषध घ्यावयाचे, हा नियम कळीचा आहे.

पाच टक्क्यांचे पर्मेथ्रिन मलम रात्री मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत, बेचक्या व नखांखालची जागा न सोडता, सर्वांगास लावावे. आठ ते चौदा तास ठेवून सकाळी स्नान करावे. घरातील सर्वांनी हे एकाच रात्री करावे आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा करावे. तान्ह्या मुलांस व गर्भवतींस काय लावावे हे आधी डॉक्टरांस विचारावे. दुसऱ्या दिवशी नेसूचे कपडे व पांघरुणे ऊन पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. जी गोधडी धुता येत नाही ती पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस बाजूस ठेवावी. किडा माणसाच्या अंगावाचून फार दिवस जगत नाही. औषधानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते. ती रोगाची नसून मेलेल्या किड्यांवरील शरीराच्या रोषाची आहे, तेव्हा औषध रोज लावीत बसू नये. खाजवून झालेल्या जखमा पिकू देणे मात्र धोक्याचे आहे; त्यांतील जंतूंमुळे पुढे मुलांच्या मूत्रपिंडास सूज येऊ शकते.

५. पांढरे डाग व बधिर डाग

आता ज्या डागांची लोकांस सर्वांहून अधिक धास्ती वाटते त्यांविषयी. मुलांच्या गालांवरील फिकट, कोरडे चट्टे बहुधा निरुपद्रवी असतात व खोबरेल लावण्याने व काळाने जातात. मानेवरील व छातीवरील बारीक खवल्यांचे डाग, ज्यांस शिबे म्हणतात, ते एका यीस्टमुळे होतात व औषधाने बरे होतात; रंग परत यावयास काही महिने लागतात. दुधासारखे पांढरे होणारे कोड हे संसर्गजन्य नाही. त्या माणसाच्या हातचे पाणी पिण्याने अथवा त्याच्याशी सोयरीक केल्याने ते कोणास लागत नाही.

महारोगाची, म्हणजे कुष्ठरोगाची, खूण निराळी आहे. फिकट अथवा लालसर डाग, आणि त्या जागी स्पर्श मंद झालेला. डोळे मिटावयास सांगून कापसाच्या वातीने डागास व शेजारच्या कातडीस स्पर्श करावा. डागावरचा स्पर्श कळत नसेल तर विलंब न करता दवाखान्यात जावे. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला. १९८० नंतरच्या दशकापासून अनेक औषधे एकत्र देण्याची जी पद्धत चालू झाली, तिने हा रोग सहा महिने अथवा वर्षभराच्या उपचाराने पुरता बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि ते सुरू होताच थोड्याच अवधीत रोग्यापासून इतरांस लागण होण्याचे थांबते. हातापायांस व्यंग येते ते उशिरा येण्याने.

त्वचारोग म्हणजे पापाची शिक्षा, ही समजूत आपल्या मंडळ्यांतही कोठे कोठे शिल्लक आहे. तिच्यामुळे माणूस डाग लपवितो, आणि लपविलेला डागच त्याची बोटे खातो. देशाचा कायदा देखील आता पुढे गेला आहे. रोग्यांस वेगळे कोंडण्यासंबंधीचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यातून व इतर विवाहविषयक कायद्यांतून कुष्ठरोग हे काडीमोडीचे कारण २०१९ साली काढून टाकण्यात आले. कायद्याने जे केले ते आपल्या ओसरीवरही झाले पाहिजे.

६. घरगुती उपायांविषयी

निंबाचा पाला घातलेल्या पाण्याने स्नान केल्यास हरकत नाही. मात्र तेवढ्याने खरूज जाणार नाही. बिब्बा, लसणीचा रस, चुना, दात घासण्याची पेस्ट यांनी कातडी भाजते. बिब्ब्याने तर फोड येऊन सर्वांग सुजल्याची उदाहरणे होतात. लिंबू लावून उन्हात गेल्यास काळे चट्टे पडतात. उन्हाळ्यातील घामोळ्यांस थंड पाणी, सुती सैल वस्त्र व वारा पुरे. त्यावर तेल चोपडू नये. केसतूड झाल्यास ऊन फडक्याने शेकावे, दाबू नये. नाक व वरचा ओठ यांच्या आसपासचे केसतूड दाबल्यास विष डोक्याकडे चढण्याचे भय असते. वारंवार केसतुडे होत असतील तर रक्तातील साखर तपासावी.

ताप येऊन कातडी झपाट्याने लाल होत असेल, औषध घेतल्यावर अंगावर फोड व तोंडात जखमा आल्या असतील, तर एक दिवसही वाट पाहू नये. पिंपळनेरास ग्रामीण रुग्णालय आहे. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. भगताकडे जो कोंबडा व जी दोन-तीनशे रुपयांची दक्षिणा जाते, तीत धुळ्याचे एसटीभाडे भागते. ज्यास एकट्यास जाण्याची लाज वाटते त्याच्याबरोबर गावच्या आशाताईने अथवा मंडळीतील एखाद्याने जावे. सोबत हे देखील औषधच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मुरमांतील काळा ठिपका मळ नव्हे तर काय आहे?
२. नायट्याचा चट्टा गेल्यावरही औषध का चालू ठेवावे?
३. आपल्या घरातील मलमाच्या नळीवर कोणती नावे छापली आहेत? त्यांत स्टिरॉइड आहे काय?
४. खाज नसलेल्या माणसानेही खरजेचे औषध का लावावे?
५. कोड, शिबे व कुष्ठरोग यांतील भेद कसा ओळखावा?
६. आपल्या गावात डाग लपवून कोणी बसले आहे काय, आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात कोण जाईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये. ते पायांनी चालून द्यावे.